ससा बायबलमध्ये कुठं आहे?

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा. सासूबाई सोबत राहतात. सासरे मिलमध्ये विणकर होते, ते आता नाहीत. गेल्या ईस्टरला, म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ताईंनी मोबाईलवर बघून कागदाचे ससे केले, चॉकलेटची अंडी आणली आणि ती घरभर लपवून मुलांना शोधायला लावली. मुलांनी धमाल केली. सासूबाई मात्र दुपारपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "प्रभूनं जीव दिला, आणि तुम्ही ससे नाचवताय." रात्री मुलीनं विचारलं, "आई, ससा बायबलमध्ये कुठं आहे?" ताईंना उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात, गुड फ्रायडेच्या उपासनेनंतर, धाकटा दोन-तीन रात्री "खिळे नको" म्हणत दचकून उठला होता. नवऱ्याचं म्हणणं, लहान आहेत, एवढ्यात काही सांगू नको, मोठी झाली की आपोआप कळेल. ताई विचारतात: गंमत ठेवू की श्रद्धा? शेजारची मुलं खेळायला येतात, त्यांना यात घ्यावं की लोक भलतं समजतील? आणि शेवटी, "मला हस्तकला वगैरे काही येत नाही. मग मी नेमकं करू काय?"

सलाम ताई,

आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकू, कारण ती वर्षभर वाट बघते आहे. ससा बायबलच्या ईस्टरच्या गोष्टीत कुठंही नाही. तिला हे असंच, सरळ सांगा. अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख १६८२ साली एका जर्मन वैद्याच्या लेखनात सापडतो. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी तो सोबत नेला, आणि पुढं तो दुकानांत आणि पडद्यावर आला. पोकळ चॉकलेटचं अंडं तर अगदी अलीकडचं, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं ते १८७३ साली काढलं.

पण साधं, कोंबडीचं अंडं जुनं आहे, आणि त्याच्यामागे खरं कारण आहे. मध्ययुगात युरोपातल्या मंडळ्या ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवास पाळत, आणि त्यात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना काही उपवास नसतो, त्या घालतच राहायच्या. मग ईस्टरपर्यंत घरात अंड्यांचा ढीग साठायचा. ती उकडायची, रंगवायची, गरिबांना आणि मुलांना वाटायची. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० च्या हिशोबात ईस्टरसाठी घेतलेल्या साडेचारशे अंड्यांची नोंद आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजही अंडं तांबडं रंगवतात: तांबडा रंग प्रभूच्या रक्ताचा, टरफल म्हणजे बंद कबर, आणि ते फुटतं तेव्हा आतून जीव बाहेर येतो. नऊ वर्षांच्या मुलीला हे सगळं समजतं. एवढं कळलं की कुठली गोष्ट आपली, कुठली दुकानाची, हे ती स्वतःच ठरवेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. "गंमत ठेवू की श्रद्धा?" असं तुम्ही विचारता. या दोन गोष्टींतली एकच पदरात घ्यायची, हे कुणी ठरवलं? तुमच्याच पत्रात एक परिच्छेद आहे, तो तुम्ही ओघात लिहून गेलात. तुमच्या लहानपणी ईस्टरला पहाटे अंधारात उठवायचे, गार पाण्यानं आंघोळ, पांढरा फ्रॉक, वडिलांचं बोट धरून दफनभूमीत जायचं, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगरा, आणि कुणीतरी टाळ धरलेला असायचा. तीस वर्षांनंतरही तुम्हाला मोगऱ्याचा ओलेपणा आठवतो. त्या दिवशीचं प्रवचन आठवतं का? तुमच्या वडिलांनी पुनरुत्थान 'समजावून' सांगितलं होतं का? अंधार, गारवा, फुलं आणि सोबत, यांतून ते तुमच्यात उतरलं. ती गंमतच होती, ताई. ती श्रद्धेची होती म्हणून टिकली.

म्हणून सशांबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. मुलं हसली, हे चांगलंच झालं. चूक झाली असेल तर एवढीच, की त्या खेळात प्रभूच्या गोष्टीतलं काहीच मुलांच्या हाताला लागलं नाही. अंडी सापडली, खाल्ली, संपलं.

आणि सासूबाई. त्यांचा अबोला सशामुळेच होता का, याची मला शंका आहे. सासरे "आता नाहीत" एवढंच तुम्ही लिहिलंत. आपल्याकडच्या जुन्या बाईसाठी ईस्टरची पहाट म्हणजे कबरीवर फुलं ठेवायची पहाट. गेल्या ईस्टरला त्यांना तिथं कुणी घेऊन गेलं होतं का? पत्रात तसं काही नाही. घरात मुलं उड्या मारत होती तेव्हा त्या बहुतेक एकट्याच नवऱ्याच्या कबरीपाशी उभ्या होत्या, मनानं. त्यांचं वाक्य कडू होतं हे खरं. त्यामागचं दुःख आपलंच आहे. या वर्षी मुलांच्या ईस्टरची सुरुवात त्यांच्यापासून करा. पुढं मी जे सांगणार आहे त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्यापेक्षा त्यांना जास्त येतात.

धाकट्याच्या दचकण्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण असं पत्र दरवर्षी येतं.

मी तरुणपणी रविवारशाळेत शिकवायला लागले तेव्हा एका गुड फ्रायडेला क्रूसाचं मोठं रंगीत चित्र बालवर्गासमोर धरलं होतं. रक्त, काटे, सगळं. मुलांच्या मनाला भिडावं म्हणून. पाच वर्षांचा एक मुलगा पुढचे तीन रविवार आलाच नाही. त्याची आई म्हणाली, तो भिंतीवरच्या खिळ्याकडं बघून रडतो. त्या लेकराला मी वधस्तंभापाशी नेलं आणि तिथंच सोडून घरी आले. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

चार-साडेचारच्या मुलाला शुक्रवार ते रविवार ही उडी घेता येत नाही. त्याच्यासाठी 'परवा' म्हणजे काहीच नाही. म्हणून शुक्रवारची गोष्ट त्याला शुक्रवारपुरती कधीही सांगू नका. ज्या बैठकीत "प्रभूला क्रूसावर दिलं" असं सांगाल त्याच बैठकीत "आणि तिसऱ्या दिवशी तो उठला" इथपर्यंत गोष्ट न्या. जखमांचं वर्णन नको. "माणसांनी त्याला फार दुखवलं, तो मेला, त्याच्या मित्रांनी त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून गुहेत ठेवलं, दाराला मोठा दगड लावला. आई रडली. मग रविवारी पहाटे दगड सरकलेला होता आणि प्रभू जिवंत होता." त्याच्या वयाला एवढं पुरे. आणि "तुझ्या पापामुळं त्याला खिळे ठोकले" हे वाक्य या वयाच्या मुलाला कुणीही म्हणू नये, पाळकांनीसुद्धा नाही. मुलाला ते शब्दशः ऐकू येतं.

तुमचे यजमान म्हणतात, काही सांगू नको. त्यांची काळजी मला कळते. पण मुलानं ते उपासनेत ऐकलेलं आहेच. आता न सांगणं म्हणजे त्याला त्या भीतीत एकटं ठेवणं. भीती हातानं काही केल्यावर जाते. त्याच्या हातात कापड द्या, त्याला गुंडाळू द्या. दगड द्या, त्याला तो लावू द्या आणि रविवारी त्यानंच काढू द्या. तरीही रात्रीचं दचकणं कित्येक आठवडे चालूच राहिलं, तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला. त्यात संकोच नको.

गुड फ्रायडेच्या दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत तो पूर्ण वेळ बसावा हा आग्रह सोडा. आई-वडिलांनी आळीपाळीनं त्याला बाहेर सावलीत न्यावं. मोठीला बसायचं असेल तर तिच्या फ्रॉकच्या एका खिशात सात खडे ठेवा. प्रभूनं क्रूसावरून उच्चारलेल्या सात वचनांतलं एकेक झालं की एक खडा दुसऱ्या खिशात. कान आपोआप उघडे राहतात, आणि शेवटचा खडा टाकताना मुलं कशी गंभीर होतात, ते मी पाहिलेलं आहे.

आता करायचं काय ते.

ईस्टर एका सकाळचा कार्यक्रम आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवा. दुःखसहनाच्या आठवड्याचे आठ दिवस आणि पुढं पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस, इतका मोठा हा सण आहे. एका सकाळी सगळं उरकायला गेलं की माणूस सशाकडंच वळतो, कारण तो तयार मिळतो.

सुरुवात चंद्रापासून करा. वसंतात दिवस-रात्र समान होण्याची तारीख मंडळीनं २१ मार्च धरलेली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यापुढचा रविवार तो ईस्टर. म्हणजे आपल्याकडं साधारण होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला आला, २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतोच. मुलीला रोज चंद्र बघायला लावा, वहीत काढायला लावा. यहुद्यांचा वल्हांडणाचा सण पौर्णिमेचा, म्हणजे गेथशेमाने बागेत प्रभू प्रार्थना करत होता त्या रात्रीही आभाळात असाच मोठा चंद्र होता. हे तिला गच्चीवर, त्या उजेडात सांगा.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, दाणे पेरा. कबरीची बाग म्हणतात ती हीच. एका जुन्या परातीत माती घ्या. आपली काळी माती एकटी घेतली तर चिखल होतो नि मग तडकते, म्हणून थोडी वाळू आणि शेणखत मिसळा. कोपऱ्यात एक छोटं मडकं आडवं पुरा, ती कबर. तोंडाशी बसेल असा चपटा दगड मुलांना शोधून आणू दे. खराट्याच्या काड्या सुतानं बांधून तीन क्रूस. उरलेल्या जागेत रात्रभर भिजवलेले गहू दाट पसरा, वर मातीचा पातळ थर, पहिले दोन दिवस ओलं फडकं. सावलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ नुसतं शिंपडा. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी वापरा. आठवड्यात बोटभर हिरवं वर येतं.

मंगळवेढ्याची ज्वारी घरात असेलच, तीही पेरता येते. फक्त कोवळी ज्वारी विषारी असते, शेतकरी ती गुरांना खाऊ देत नाहीत. ज्वारी पेरलीत तर सण झाल्यावर ती शेळीपुढं टाकू नका. गहू पेरलात तर ती चिंता नाही.

शेजारी नवरात्रात घट बसतो, तेव्हा तुमच्या मुलांनी धान्य उगवताना पाहिलेलं असेल. म्हणून त्यांना हे परकं वाटणार नाही. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, हे प्रभूनं स्वतःच्या मरणाबद्दल सांगितलं, योहानाच्या बाराव्या अध्यायात. धाकट्यानं दाणा मातीखाली झाकला आणि चार दिवसांनी त्याला हिरवं टोक दिसलं की त्याची खिळ्यांची भीती कमी होईल, असं मला वाटतं. काहीतरी गाडलं गेलं आणि ते परत आलं, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

गुरुवारी संध्याकाळी फार काही नको. यजमान कामावरून आले की त्यांनी दोन्ही मुलांचे पाय धुवावेत, मग मुलांनी आजीचे. सोलापूरच्या त्या उन्हाळ्यात पायावर पडलेलं गार पाणी म्हणजे सुखच. हे पाणी बागेला घाला. मग एकाच ताटात सगळ्यांनी एक भाकरी मोडून खावी. प्रभूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले आणि भाकर मोडली, एवढं एक वाक्य सांगा आणि जेवा.

शुक्रवारी, उपासनेहून आल्यावर, काडेपेट्या. ही कल्पना पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकच्या अंड्यांत करतात, आपल्याला रिकाम्या काडेपेट्या बऱ्या. बारा पेट्या घ्या, मुलीला वर आकडे घालू दे. पहिल्या पेटीत झावळीचा तुकडा. दुसरीत अत्तराचा कापूस, बेथानीत मरीयेनं प्रभूच्या पायांना लावलेल्या सुगंधी तेलाची आठवण. तिसरीत नाणं, चौथीत वाळलेल्या भाकरीचा तुकडा. पाचवीत कोंबड्याचं पीस, कोंबडा आरवण्याआधी प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राची आठवण. सहावीत बाभळीचा काटा, सातवीत जांभळ्या कापडाची चिंधी, आठवीत खिळा, नववीत कवडी किंवा फासा. दहावीत पांढरं कापड, अकरावीत खडा. बारावी रिकामी. एकेक उघडायची, आणि जिच्या हातात पेटी तिनं किंवा त्यानं सांगायचं की हे काय. धाकट्याला काटा आणि खिळा नको, त्याच्यासाठी सहाच पेट्या ठेवा: झावळी, भाकर, पांढरं कापड, खडा, एक लवंग आणि दालचिनीचा तुकडा, आणि रिकामी. पहाटे कबरीवर गेलेल्या बायकांनी सुगंधी द्रव्यं नेली होती, आणि वाटेत त्यांना एकच काळजी होती की दगड कोण सरकवणार. हा प्रश्न लहान मुलांना फार आवडतो, कारण दगड सरकवणं त्यांना कळतं.

नवव्या पेटीपाशी थांबा आणि सासूबाईंना बोलवा.

शिपायांनी प्रभूचे कपडे चौघांत वाटून घेतले, पण त्याचा अंगरखा वाटला नाही. तो शिवणीचा नव्हता, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता. फाडला असता तर वाया गेला असता, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. दुसऱ्या गावातल्या मुलांना हे वाक्य वाचून पुढं जाता येतं. सोलापुरातल्या विणकराच्या नातवंडांना नाही. विणलेलं कापड मध्येच कापलं की त्याचं काय होतं, ते तुमच्या सासूबाईंना विचारा. सासरे ताणा, म्हणजे उभे धागे, कसा धरायचे, घरी आल्यावर कपड्यांना सुताचे तंतू कसे चिकटलेले असायचे, भोंगा किती वाजता व्हायचा, हे त्या सांगतील. मुलांना आजोबा आणि प्रभूचा अंगरखा एकाच गोष्टीत भेटतील.

आणि मग विणायलाच बसा. वीतभर लांबीचा जाड पुठ्ठा घ्या. फक्त वरच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा करा. सूत पुढून खाली, मागून वर न्या, दोन खाचांमधल्या दात्याला वळसा घालून मागूनच परत खाली, मग पुढून वर, तिथंही दात्याला वळसा घालून पुन्हा पुढून खाली, असं करत जा, म्हणजे दोन्ही बाजूंना उभे धागे येतात आणि वरचं तोंड मोकळं राहतं. पुढचे-मागचे मिळून धाग्यांची संख्या विषम हवी, सम झाली तर एक धागा जादा बांधून घ्या. नाहीतर दुसऱ्या फेरीला आडवं सूत पुन्हा त्याच धाग्यांवरून जातं आणि वीण बसत नाही. आता मोठ्या बोथट सुईनं खालच्या बंद बाजूपासून सुरू करा, एक धागा वर, एक खाली, आणि कडेला आल्यावर न वळता पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला जा. गोल गोल. वर पोचलात की खाचांतून धागे सोडवून पुठ्ठा ओढून काढा. हातात एकही शिवण नसलेली पिशवी येते. ती उलटी धरा: बंद बाजू म्हणजे खांदे, आणि वीण तिथूनच सुरू झालेली. बाह्या-गळ्याच्या नादी लागू नका. सूत विकत आणायची गरज नाही, सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही यंत्रमागवाल्या ओळखीच्या घरी तुकडे मिळतात. एका बैठकीत हे होणार नाही. पन्नास दिवस आहेत म्हटलं ना.

"मला हस्तकला येत नाही" असं तुम्ही लिहिलंत. इतकं मोठं काम ज्यांच्या हातात आहे त्या आजी घरात आहेत. तुम्ही फक्त पुठ्ठा कापून द्या.

शनिवारचा दिवस रिकामा ठेवा. कबरीवर दगड लागलेला, घरात मोठ्यानं टीव्ही नाही. मुलं विचारतील, आज काय? आज वाट बघायची, असं सांगा. फक्त संध्याकाळी अंडी रंगवा, आणि त्याला खाण्याचा रंग विकत आणू नका. कांद्याचा एवढा मोठा बाजार आपल्या गावात, सालं फुकट. दहा-बारा कांद्यांची वाळलेली सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार होऊ द्या. त्यात दोन चमचे व्हिनेगर आणि कच्ची अंडी घालून दहा-बारा मिनिटं उकडा, आणि मग त्याच पाण्यात तासभर राहू द्या. विटकरी तांबडा रंग चढतो. पांढऱ्या अंड्यावर तो उजळ दिसतो, गावरानवर गडद. उकडायच्या आधी अंड्यावर मेथीचं किंवा कोथिंबिरीचं ओलं पान चिकटवून वर जुना पातळ पायमोजा घट्ट बांधलात तर पानाची फिकट नक्षी उमटते. शेवटी तेलाचं बोट फिरवा. एक जपा: आपल्या उन्हात उकडलेलं अंडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. म्हणून खरी अंडी लपवण्याचा खेळ नको. रंगवून लगेच फ्रिजमध्ये, रविवारी सकाळी पानात. लपवायचंच असेल तर त्या काडेपेट्या लपवा, आणि रिकामी पेटी ज्याला सापडेल तो जिंकला.

रविवारी पहाटे मुलांना उठवा. अर्धवट झोपेत असली तरी चालेल. धाकट्यानं परातीतला दगड काढायचा. आत आदल्या रात्री तुम्ही फक्त घडी केलेलं पांढरं फडकं ठेवलेलं असेल. त्याला काही समजावू नका, त्याला बघू द्या. कुणीतरी म्हणायचं, "प्रभू उठला आहे!" आणि बाकीच्यांनी, "खरोखर उठला आहे!" ही हाक-प्रतिहाक मुलांना इतकी आवडते की आठवडाभर ऐकावी लागते. मग मोगरा घेऊन सासूबाईंना दफनभूमीत न्या, मुलांसकट. परातीतला हिरवा गहू थोडा कापून आजोबांच्या कबरीवर ठेवा. तिथं एक भजन म्हणा. आपल्या मराठी मंडळीला अभंगाचा साज ज्यांनी चढवला त्या ना. वा. टिळकांची भजनं सासूबाईंना पाठ असतील, आणि टाळ धरायला नऊ वर्षांची मुलगी पुरेशी आहे.

शेजारच्या मुलांचं. तुमची मुलं गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसतात, दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं. मग ईस्टरला तुमच्याकडून ताट का जाऊ नये? मुलांना खेळायला बोलवा, पण आधी त्यांच्या आयांशी बोला: "आमचा सण आहे, मुलं खेळायला येऊ देत का?" पुष्कळ घरांत अंडं चालत नाही, त्यांच्यासाठी गोल दगड रंगवायला ठेवा आणि खायला केळी-चिक्की. प्रार्थनेला कुणाला बसवू नका. एखाद्यानं विचारलं की ती परात कसली, तर तुमच्या मुलीला उत्तर देऊ द्या, जेवढं विचारलं तेवढंच. लोक भलतं समजतील ही भीती मी झटकून टाकत नाही, दिवस तसे आहेत. पण आई-वडिलांना विचारून, दार उघडं ठेवून केलेल्या गोष्टीबद्दल माणसं सहसा गैरसमज करून घेत नाहीत.

ज्यांची पाळीची नोकरी आहे, किंवा घरात आजी नाही, त्यांना एवढं सगळं जमणार नाही. त्यांनी फक्त दाणे पेरावेत आणि पहाटे दगड काढावा. आणि ज्या घरात आई ख्रिस्ती, वडील नाहीत, तिथंही गहू पेरायला कुणाची हरकत नसते.

राहिलं मोबाईलचं. पहाटे दगड काढताना तो आत ठेवा. फोटो नंतर काढता येतो.

ताई, सासूबाईंना माझा सलाम सांगा. आज रात्री जेवताना त्यांना एकच विचारा, अंगरखा सलग कसा विणत असतील. आणि आजपासून कांद्याची सालं टाकू नका, ओट्याखाली एक पिशवी अडकवून ठेवा.